स्टेशनरी की स्टेशनरी? सगळा खेळ आठव्या अक्षराचा

देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात, उच्चारही एकच. इंग्रजीत मात्र दहापैकी नऊ अक्षरं जुळतात आणि आठवं वेगळं पडतं. तिथे ‘ए’ आला, तर अर्थ ‘स्थिर’: सिग्नलला थांबलेली बस. ‘ई’ आला, तर वह्या, पाकिटं, पेनं.

मला फार आवडतं ते यांचं नातं. मध्ययुगीन युरोपात बरेच विक्रेते फिरते असत. विद्यापीठाजवळ कायमचं दुकान थाटणारा पुस्तकविक्रेता तो ‘स्टेशनर’. म्हणजे वह्यांच्या शब्दातही एका जागी ठाण मांडणं आहेच!

मुलांचा गोंधळ झाला की मी त्यांना आधी इंग्रजीत ‘पेपर’ लिहायला लावते. त्याच्या शेवटी ‘ई-आर’ येतं, तेच कागदवाल्या स्टेशनरीत. दुसऱ्यासाठी वेगळी खूण लागतच नाही.