घर सोडायचे की थांबायचे: नॅशनल हरिकेन सेंटरच्या संकेतस्थळाचे परीक्षण

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्यांना जून ते नोव्हेंबर या काळात मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरचे (चक्रीवादळांचे अंदाज देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचे) संकेतस्थळ पुन्हा पुन्हा उघडावे लागते. मेक्सिकोच्या आखातात वादळ तयार झाले, की पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११ वाजता नवे पत्रक येते, आणि किनाऱ्याला इशारा लागू झाल्यावर दर तीन तासांनी मधली पत्रकेही येऊ लागतात. सेवा विनामूल्य आहे, वेळ सहसा चुकत नाही आणि भाषा संयमित असते. मी मात्र तिची पारख एकाच प्रश्नावर करतो: घर सोडावे की थांबावे, हे ठरवायला तिचा किती उपयोग होतो?

सर्वांत आधी नजर जाते ती नकाशावर वादळाच्या संभाव्य वाटेभोवती काढलेल्या पांढऱ्या शंकूकडे, आणि माझी मुख्य तक्रारही त्याच्याबद्दलच आहे. वादळाचा केंद्रबिंदू कुठून जाऊ शकेल, एवढेच हा शंकू सांगतो. मागील पाच वर्षांच्या अंदाजांतील चुकांवरून त्याची रुंदी ठरते, आणि ती अशी ठेवलेली असते, की साधारण तीनपैकी दोन वेळा केंद्र त्याच्या आत राहावे. वादळ किती मोठे आहे किंवा समुद्राचे पाणी किती आत शिरेल, याचा त्यात काहीच पत्ता नसतो. तरीही शेजारीपाजारी ‘आपण शंकूच्या मधल्या रेषेपासून लांब आहोत’ असे म्हणून निश्चिंत होतात. २०२२ मध्ये ‘इयन’ येण्याच्या तीन दिवस आधी मधली रेषा आमच्या किनाऱ्यावर बरीच उत्तरेकडे होती. वादळ मात्र २८ सप्टेंबरला कायो कोस्टा बेटावर धडकले, आणि फोर्ट मायर्स बीचवर जमिनीपासून १० ते १५ फूट पाणी चढले. त्या भागातील लोकांना घरे सोडण्याचा पहिला आदेश आदल्याच दिवशी निघाला होता.

वादळाची श्रेणीही अशीच फसवी आहे. १ ते ५ हा आकडा केवळ वाऱ्याच्या वेगाचा असतो. २००८ मध्ये टेक्सासला धडकलेले ‘आइक’ दुसऱ्या श्रेणीचे होते, पण त्याच्या उधाणाने, म्हणजे वाऱ्याने किनाऱ्यावर ढकललेल्या समुद्राच्या पाण्याने, बोलिव्हर द्वीपकल्पावरील वस्त्या धुऊन नेल्या. १९६३ ते २०१२ या काळात अमेरिकेत अशा वादळांनी थेट घेतलेल्या बळींपैकी जवळजवळ निम्मे बळी उधाणाचे होते. म्हणून ‘दोन नंबरचेच आहे, बसून काढू’ हे वाक्य ऐकले, की मला मनापासून भीती वाटते.

या संकेतस्थळाची खरी ताकद उधाणाच्या नकाशात आहे. पाणी जमिनीपासून किती फूट चढू शकते, हे तो निळ्या, पिवळ्या, केशरी आणि लाल रंगांत दाखवतो: पिवळा म्हणजे तीन फुटांहून अधिक, केशरी म्हणजे सहाहून अधिक आणि लाल म्हणजे नऊहून अधिक. ही उंची जमिनीपासून धरलेली असल्यामुळे ती आपल्या घराशी थेट ताडून पाहता येते. आमच्या घराची फरशी अंगणापासून दीड फूट उंच आहे. मी एकदा टेप घेऊन बैठकीच्या खोलीच्या भिंतीवर फरशीपासून साडेचार फुटांवर पेन्सिलीने रेघ मारली, म्हणजे सहा फूट पाणी आल्यास ते कुठवर येईल हे दिसावे. ती रेघ माझ्या छातीपाशी आली, आणि पत्नीच्या खांद्यांपाशी. त्यानंतर आमच्या घरात ‘थांबू या का’ ही चर्चा झालेली नाही.

दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे वारा पोहोचण्याच्या वेळेचा नकाशा. ताशी ३९ मैलांचे वारे लवकरात लवकर केव्हा सुरू होऊ शकतील, हे त्यावर दिवस आणि प्रहरानुसार दाखवलेले असते. आम्ही निघण्याची वेळ त्यावरूनच मागे मोजतो, कारण वारे त्या वेगाला पोहोचले की खाडीवरचे उंच पूल बंद होऊ लागतात. हरिकेनचा ‘वॉच’ (वादळाची शक्यता) हे वारे येण्याच्या ४८ तास आधी आणि ‘वॉर्निंग’ (वादळ अपेक्षित) ३६ तास आधी जाहीर होते. घरात वृद्ध माणूस, औषधे किंवा पाळीव प्राणी असल्यास ‘वॉर्निंग’ची वाट पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

संकेतस्थळाची मोठी उणीव ही, की आपले घर कोणत्या इव्हॅक्युएशन झोनमध्ये (घरे सोडण्याचा आदेश ज्यानुसार निघतो त्या विभागात) येते, हे तिथे कळत नाही. ए, बी, सी अशी अक्षरे असलेला तो झोन राज्याच्या किंवा काउंटीच्या पानावर पत्ता घालून शोधावा लागतो, आणि पूरविम्यासाठी असलेल्या फ्लड झोनपेक्षा तो वेगळा असतो. घर सोडण्याचा आदेशही स्थानिक प्रशासनाचाच असतो. या झोनचा दुवा उधाणाच्या नकाशाशेजारीच ठळकपणे द्यायला हवा होता, कारण ज्यांचे घर झोनबाहेर आणि मजबूत आहे, त्यांनी विनाकारण रस्त्यावर येणेही घातक ठरते. २००५ मध्ये ‘रीटा’च्या वेळी ह्यूस्टनमधून लाखो लोक एकदम बाहेर पडले, आणि त्या कोंडीत, उष्म्यात व अपघातांत अनेकांचे प्राण गेले. झोनमधल्या लोकांनाही बहुतेक वेळा शेकडो मैल पळण्याची गरज नसते. काही मैल आत, उंचावरच्या पक्क्या इमारतीत गेले तरी पुरते.

वीज आणि मोबाइल बंद पडल्यावर संकेतस्थळ हाती राहत नाही. त्यासाठी बॅटरीवर किंवा हाताने फिरवून चालणारा वेदर रेडिओ (हवामानाचे इशारे ऐकवणारा रेडिओ) आधीच घेऊन ठेवावा, आणि संकेतस्थळ चालू आहे तोवर शंकू ओलांडून थेट उधाणाचा नकाशा उघडावा.