१९११ की ग्लॉक: बिघडल्यावर कोणतं परवडेल?

वापरलेलं पिस्तूल घेताना बहुतेक जण पकड आणि नेम बघतात. मी आधी बघतो ते हे की, भाग खराब झाला तर नवा नुसता बसवता येईल की कानस लागेल. १९११ पद्धतीचं हॅमरवालं (मागे चढवायचा घोडा असलेलं) पिस्तूल आणि ग्लॉकसारखं स्ट्रायकरवालं (घोड्याऐवजी काडतुसाला ठोका देणारी, आत स्प्रिंगवर सरकणारी फायरिंग पिन असलेलं), यांच्यात निवड करताना हाच मुद्दा मोठा.

(खालची प्रत्येक तपासणी मॅगझिन काढून, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघून आणि बोटाने चाचपून. काडतुसं दुसऱ्या खोलीत.)

१९११ मध्ये अंगठ्याची सेफ्टी सिअरला (चढवलेला हॅमर धरून ठेवणाऱ्या भागाला) अडवते, मुठीमागची चापाला. तपासायला हॅमर चढवा, अंगठ्याची सेफ्टी लावा, चाप घट्ट दाबून सोडा, मग सेफ्टी काढा. हॅमर पडला तर प्रश्नच मिटला, ते पिस्तूल वापरायचं नाही. नाही पडला तरी हॅमर अंगठ्याने किंचित मागे ओढून कान द्या. बारीक ‘टिक’ ऐकू आली, तर सेफ्टी लावलेली असतानाही सिअर थोडा सरकला होता आणि आत्ता जागेवर आला. सेफ्टी झिजलेली आहे किंवा कोणीतरी जास्त घासलेली. नवी आणली तरी तिचा आतला कोपरा सिअरला नेमका टेकेपर्यंत घासावा लागतो, आणि एक हात जास्त फिरला की ती वाया. हे जाणत्या कारागिराचंच काम.

कधी तक्रार उलटी असते, सेफ्टी खाली उतरतच नाही. अशा वेळी फ्रेमच्या डाव्या बाजूची प्लंजर ट्यूब (सेफ्टीला जागेवर धरणारी स्प्रिंगवरची खुंटी, म्हणजे प्लंजर, जिच्यात असते ती नळी) नखाने हलवून बघा. ती सैल झाली की आतला प्लंजर सेफ्टीखाली अडकतो. स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) पुढे जाताना हॅमरही मागोमाग पडत असेल तर मात्र प्रयोग थांबवा आणि पिस्तूल थेट कारागिराकडे द्या.

ग्लॉकच्या चापावरची, फायरिंग पिनची आणि पडल्यावर गोळी सुटू न देणारी, अशा तिन्ही सेफ्ट्या चाप दाबताना आपोआप सुटतात. नेहमीच्या मॉडेलला अंगठ्याने लावायची सेफ्टी नसते, म्हणून बिघाड बाहेरून कळत नाही. स्लाइड उतरवून स्ट्रायकर मागे धरा आणि हळू पुढे सोडा. फायरिंग पिनची सेफ्टी दाबलेली नसताना टोक बाहेर येता कामा नये. आलं तर त्या सेफ्टीचा भाग किंवा तिची स्प्रिंग बदला. बहुतेक भाग घासाघाशीविना बसतात, इथे ग्लॉक सरळ जिंकतं. खोट एकच, पण मोठी: उघडण्यासाठी चाप दाबावाच लागतो. चेंबर बघायला विसरणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये.

स्ट्रायकर असला म्हणजे निर्धास्त, असंही नाही. सिग कंपनीच्या पी३२० या स्ट्रायकरवाल्या पिस्तुलात पडल्यावर गोळी सुटण्याचा प्रश्न निघाला आणि २०१७ मध्ये कंपनीने भाग बदलून द्यायची योजना काढली. जुनं पी३२० घेताना तो बदल झालाय का, हे विचारा.

काडतूस अडकत असेल तर दोन्हींत सुरुवात सारखीच. आधी दुसरं मॅगझिन लावून बघा. तरीही रिकामं कवच नीट बाहेर पडत नसेल, तर १९११ चा एक्स्ट्रॅक्टर (कवच ओढून काढणारा आकडा) वाकवून ताण द्यावा लागतो, ग्लॉकचा बदलून टाकता येतो.

कारागीर हाताशी असेल आणि चाप हलका, स्वच्छ हवा असेल तर १९११ घ्या. नाहीतर ग्लॉक, आणि सोबत जादा स्प्रिंगा.