लॉ प्लस क्रिमिनॉलॉजी: पाच वर्षं काढल्यावरचा माझा रिव्ह्यू

निकाल लागले की दरवर्षी गावातल्या पोरांचे आणि त्यांच्या आईबाबांचे मेसेज सुरू होतात, की ताई ती लॉ आणि क्रिमिनॉलॉजी (गुन्हा आणि गुन्हेगार यांचा अभ्यास) एकत्रवाली डिग्री घ्यावी का, म्हणून आता एकदाच सगळं सविस्तर लिहिते. मी गोव्यातल्या पेडण्याची, प्रायमरी मराठी शाळेत, 2020 ला ॲडमिशन घेतलं, 2025 ला सुटले, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळालीय आणि सध्या म्हापशाला एका सिनिअर वकिलांकडे ज्युनिअर म्हणून जाते. कॉलेजचं नाव लिहिणार नाही कारण खाली तक्रारीपण आहेत.

कोर्स म्हणजे बीए एलएलबी ऑनर्स, पाच वर्षं, दहा सेमिस्टर, आणि ऑनर्सला क्राइम अँड क्रिमिनॉलॉजीचा ग्रुप. क्रिमिनल सायकॉलॉजी, फॉरेन्सिक सायन्स, पेनॉलॉजी (शिक्षा आणि जेल यांचा अभ्यास) आणि व्हिक्टिमॉलॉजी (गुन्ह्याला बळी पडलेल्यांचा अभ्यास), प्रोबेशन-पॅरोल, व्हाइट कॉलर क्राइम असे पेपर ह्या ग्रुपमध्ये येतात. बारावीची स्ट्रीम कुठलीही चालते, बार कौन्सिलच्या नियमाने ओपनला 45 टक्के, ओबीसीला 42, एससी-एसटीला 40 लागतात. डिग्री वकिलीचीच आहे, पुढे सनद मिळते, ऑल इंडिया बार एक्झाम द्यावी लागते, म्हणजे क्रिमिनॉलॉजी घेतली म्हणून वकिली हातातून जाईल ही पालकांची भीती मनातून काढून टाका.

एक गैरसमज मात्र आत्ताच दूर करते. सिरियल बघून बरीच मुलं येतात की आपण हातमोजे घालून खुनाच्या जागेवर जाणार, लॅबमध्ये डीएनए तपासणार. तसं नाही हो. लॅबमध्ये काम करायचं तर सायन्सची डिग्री लागते, त्यासाठी आता आपल्याकडे फोंड्यालाच नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीचं कॅम्पस आहे, तिकडे चौकशी करा. आम्ही फॉरेन्सिक शिकतो ते रिपोर्ट वाचता यावा आणि उलटतपासणीत त्या एक्स्पर्टला नेमका प्रश्न विचारता यावा म्हणून.

आता मला खरं जे सांगायचंय ते. पहिली दोन वर्षं मला क्रिमिनॉलॉजी म्हणजे मार्कांसाठी पाठ करायची नावं वाटायची. 1764 मध्ये बेकारिया म्हणाला की शिक्षा किती कडक आहे यापेक्षा ती नक्की आणि लवकर होते का हे महत्त्वाचं, 1876 मध्ये लोम्ब्रोसो कैद्यांच्या कवट्या मोजून सांगत होता की गुन्हेगार जन्मतःच गुन्हेगार असतो, मग सदरलँड म्हणाला गुन्हा हा संगतीत शिकला जातो, सगळं वहीत उतरवलं, परीक्षेत लिहिलं, विसरले. मग एक गेस्ट लेक्चरर आले, त्यांनी फळ्यावर फक्त एक साल लिहिलं, 1871, आणि क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट शिकवला. ब्रिटिशांनी अख्ख्याच्या अख्ख्या जमाती कायद्याने गुन्हेगार ठरवल्या, मूल जन्माला आलं की त्याच्यावर शिक्का, पोलिसात नाव, हजेरी, आणि हे 31 ऑगस्ट 1952 ला, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी सुटलं. गोव्यात पोर्तुगीज होते त्यामुळे तो कायदा आपल्याकडे कधी नव्हता, पण आमच्या वर्गात सोलापूरकडची एक मुलगी होती, तिने शांतपणे सांगितलं की माझी पणजी तारांच्या कुंपणाआडच्या सेटलमेंटमध्ये जन्मली. वर्गात कोणी हललं नाही. मला त्या दिवशी आमच्या वाड्यावरचं बोलणं आठवलं, काही चोरीला गेलं की सगळ्यात आधी बांधकामावरच्या झोपड्यांकडे बोट, "ह्या लोकांचा धंदाच तो", आणि हे मीपण म्हटलंय.

शेवटच्या वर्षाला मूट कोर्टच्या, म्हणजे कोर्टाच्या सरावाच्या, पेपरसाठी दोन खटले प्रत्यक्ष बसून बघायचे असतात, एक सिव्हिल एक क्रिमिनल, डायरी लिहायची असते. ऑगस्ट 2024 मध्ये मी मॅजिस्ट्रेट कोर्टात मागच्या बाकावर बसलेले. एक एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, बांधकामावरची तांब्याची वायर चोरल्याची केस, एका तारखेला गावी गेला म्हणून हजर नव्हता तर वॉरंट निघून पकडून आणलेला. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांना सिमेंटने भेगा पडलेल्या, आणि तो सारखा हाताची मूठ करून लपवत होता. आई दाराशी उभी, हातात दुधाची रिकामी पिशवी, धुऊन वाळवलेली, त्यात आधार कार्डं आणि कुठल्यातरी ठेकेदाराची चिठ्ठी. जामीनदार कोण, असं विचारल्यावर तिने ती पिशवीच पुढे केली. इथला कोणी ओळखीचा, ज्याचं घर-जमीन आहे असा, तो तिला कुठून मिळणार? कायद्याच्या पेपरमध्ये मी जामिनावर पानं भरून लिहिलेलं, पण स्थानिक जामीनदार नाही म्हणून माणूस आत राहतो हे त्या पिशवीकडे बघताना कळलं. त्याला मोफत कायदा सेवेतून मिळालेल्या वकीलबाई उठल्या आणि जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरून घ्या असा अर्ज केला, कायद्यात तशी सोय आहे, आणि कोर्टाने पाच हजारांवर मान्य केला. संध्याकाळी साडेचारला आईने पदराच्या गाठीतून आणि शेजारणीकडून मिळून पैसे पुरे केले. मी त्या रात्री डायरीत नऊ पानं लिहिली, मागितलेली दोन होती.

त्या मुलाने चोरी केली का ते साक्षी-पुराव्याने ठरायचं ते ठरेल, माझं म्हणणं एवढंच की लॉ मला विचारायला शिकवतं काय केलं आणि कुठलं कलम लागतं, आणि क्रिमिनॉलॉजीने मला त्या भेगा बघायला लावल्या. दोन्ही एकत्र असल्याचा फायदा हा आहे, बाकी ब्रोशरमध्ये लिहितात ते सगळं दुय्यम.

आता अभ्यासाच्या बाजूने. आमची बॅच मधल्यामध्ये सापडली. आयपीसी, म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता, 511 कलमांसकट घोकून झाली आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, 358 कलमं, नंबर सगळे बदलले, खुनाच्या 302 चं 103, खुनाच्या प्रयत्नाच्या 307 चं 109, फसवणुकीच्या 420 चं 318. लोक म्हणतात आता जुनं कशाला शिकायचं. शिका! जुलै 2024 च्या आधीच्या गुन्ह्यांना आयपीसीच लागते, त्या केसेस अजून कित्येक वर्षं चालणार, म्हापशाला माझ्या हातात येणाऱ्या निम्म्या फायली जुन्याच आहेत, बॅगेत दोन्ही बेअर ॲक्ट (कायद्याच्या मूळ मजकुराची पुस्तकं) घेऊन फिरते. आणि नव्या कायद्यात क्रिमिनॉलॉजीवाल्यांना आवडेल असं बरंच आहे, म्हणजे कम्युनिटी सर्व्हिस ही शिक्षा पहिल्यांदाच थेट संहितेत आली, पाच हजारांच्या आतली चोरी, पहिलाच गुन्हा आणि वस्तू किंवा किंमत परत केली तर जेलऐवजी तीच शिक्षा. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसाने जागेवर जायचं हेही आता कायद्यात आलंय, राज्यांना ते लागू करायला मुदत दिलीय. गोव्याचं स्वतःचंही आहे, 2003 चा गोवा चिल्ड्रन्स ॲक्ट आणि त्याखालचं वेगळं चिल्ड्रन्स कोर्ट, मुलांवरच्या गुन्ह्यांचा पेपर घेणार असाल तर हे नीट वाचा, बाहेरच्या गाइडमध्ये ते नसतं.

तक्रारी. क्रिमिनॉलॉजीला आमच्याकडे पूर्णवेळ शिक्षक नव्हते, चांगले गेस्ट येत पण महिन्यातून एकदा, मधल्या लेक्चरला पीपीटी वाचून दाखवली जायची. फॉरेन्सिकचं प्रॅक्टिकल म्हणजे साठ जणांत एक फिंगरप्रिंट किट, पावडर माझ्यापर्यंत येईतो संपली होती. कोलवाळच्या जेलची भेट दोनदा ठरली आणि दोन्ही वेळेला कॉलेजकडून परवानगीचं पत्रच वेळेत गेलं नाही, मग आम्हाला आग्वादच्या किल्ल्यावर नेलं, तिथलं जेल 2015 मध्ये बंद झालंय आणि आता म्युझियम आहे. त्या कोठड्या बघून, तिथे गोवा मुक्तीच्या लढ्यातले लोक होते हे ऐकून अंगावर काटा आलाच, पण पेनॉलॉजी शिकणाऱ्या मुलांनी चालू जेल एकदाही न बघता पास व्हावं ह्याचा मला अजून राग आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी ब्रिज क्लास सांगितलेले, ते झाले नाहीत. पहिले सहा महिने मी एकेक जजमेंट डिक्शनरी घेऊन वाचलं, रडले पण, आईने धीर दिला म्हणून टिकले.

पैशाचं स्पष्ट सांगते, ज्युनिअरला सुरुवातीला फार काही मिळत नाही, घरून दोन-तीन वर्षं आधार लागतो. जज व्हायचं असेल तर मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने तीन वर्षं प्रॅक्टिसची अट परत आणलीय, तीपण हिशोबात धरा. क्रिमिनल प्रॅक्टिस, सरकारी वकील, प्रोबेशन ऑफिसर, कायदा सेवा किंवा बालहक्काचं काम, ह्यातलं काही मनात असेल तर डोळे झाकून ही डिग्री घ्या. कंपनीतच नोकरी हवी असेल तर दुसरा ग्रुप निवडा.

ॲडमिशनच्या आधी कॉलेजात जाऊन दोनच गोष्टी विचारा, क्रिमिनॉलॉजीला पूर्णवेळ शिक्षक किती आणि कोर्टात वर्षातून किती दिवस नेता. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं कॉलेज बघा. डिग्रीला माझे पाचपैकी साडेचार, कॉलेजला अडीच. आणि फायनल इयरपर्यंत थांबू नका, कोर्ट सगळ्यांना उघडं असतं, साडेदहाला जाऊन मागच्या बाकावर बसा, मोबाइल सायलेंट करून.