एकच स्क्रिप्ट की सुटी मॉड्यूल्स? सेटिंग-मेनूच्या दोन रचनांची तुलना

दापोली, गुहागर, मालवण अशा गावांतील शाळा-वाचनालयांच्या लिनक्स संगणकांसाठी सेटिंग बदलण्याचे मेनू-साधन लिहायला जो बसतो, त्याला पहिल्याच दिवशी ठरवावे लागते की सारे काम एकाच स्क्रिप्टमध्ये (आज्ञांच्या फाइलीत) लिहायचे, की प्रत्येक सेटिंगची वेगळी फाइल, म्हणजे मॉड्यूल, ठेवून त्या फाइलींवरूनच मेनू तयार होऊ द्यायचा. हा निर्णय बहुधा मेनूतील नोंदींच्या संख्येवरून घेतला जातो. माझ्या मते त्या नोंदी पुढे कोण वाढवणार, हे आधी पाहावे.

एकत्र रचनेचे परिचित उदाहरण म्हणजे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरील रास्पी-कॉन्फिग हे सेटिंग-साधन. ती एक शेल स्क्रिप्ट असून तिच्या मेनूच्या चौकटी व्हिपटेल हा वेगळा प्रोग्राम दाखवतो. फाइल एकच असल्याने ती वाचणे आणि दुसऱ्या संगणकावर नेणे सोपे असते. मात्र नवी नोंद घालताना मेनूची यादी, निवडीची शाखा (कोणत्या निवडीवर काय चालवायचे ते सांगणारी ओळ) आणि प्रत्यक्ष काम करणारे फंक्शन अशा तीन ठिकाणी हात घालावा लागतो. शाखा विसरल्यास ही प्रोग्रामरची चूक आहे, असे सांगणारा संदेश त्या स्क्रिप्टमध्ये आधीच लिहून ठेवलेला आहे, यावरून ती चूक किती सहज होते ते कळावे. तिची एक सोय मात्र कोणत्याही रचनेत उचलण्याजोगी आहे: तीच फंक्शन्स मेनूशिवाय, थेट आज्ञेने चालवता येतात, त्यामुळे दहा संगणकांसमोर दहा वेळा बसावे लागत नाही.

सुट्या रचनेचा नमुना लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) काय काय घ्यायचे ते निवडण्याच्या केकॉन्फिग या व्यवस्थेत दिसतो. तेथे विभागागणिक स्वतःची केकॉन्फिग फाइल असते, मेनूचे झाड त्या फाइलींतून उभे राहते आणि एखादा पर्याय ज्या दुसऱ्या पर्यायावर अवलंबून आहे ती अट पुरी होत नसेल तर तो दिसतच नाही. आपल्या साधनात प्रत्येक मॉड्यूलने आपले शीर्षक, आपला गट आणि या संगणकावर आपण लागू आहोत की नाही, एवढे सांगितले तरी पुरते. फाइलींच्या नावाआधी १०, २०, ३० असे आकडे द्यावेत, म्हणजे क्रम ठरतो आणि मधे जागाही राहते. प्रत्येक मॉड्यूल स्वतंत्र प्रक्रिया, म्हणजे वेगळा प्रोग्राम, म्हणून चालवावे. ते मुख्य स्क्रिप्टमध्येच ओढून घेतले तर एका फाइलीतील चुकीने सारा मेनू बंद पडू शकतो. मेनू उघडायला त्यामुळे थोडा अधिक वेळ लागतो, पण तो मला मान्य आहे.

कोकणातील पावसाळा लक्षात घेता एका मुद्द्यावर एकत्र रचना सरस ठरते. सेटिंगची फाइल लिहिली जात असतानाच वीज गेली तर ती अर्धवट राहते. म्हणून आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल पूर्ण लिहून मग तिचे नाव बदलावे लागते. एका स्क्रिप्टमध्ये ही काळजी एकदाच घेतली की झाले. सुट्या रचनेत तिच्यासाठी सामाईक फंक्शन देऊन ते वापरणे सक्तीचे करावे लागते, नाहीतर प्रत्येक लेखक आपापल्या रीतीने लिहितो. (मराठी शीर्षकांची अडचण दोन्हीकडे सारखीच: लिनक्सचा साधा कन्सोल (डेस्कटॉपशिवायचा मजकुराचा पडदा) जास्तीत जास्त ५१२ चिन्हे दाखवतो आणि जोडाक्षरे जुळवत नाही, म्हणून मराठी मेनू ग्राफिकल टर्मिनलमध्येच, म्हणजे डेस्कटॉपवरील आज्ञांच्या खिडकीत, चालवावा.)

देखभाल करणारी व्यक्ती एकच असेल आणि नोंदी डझनभर असतील, तर एक स्क्रिप्ट निःशंक घ्यावी. फक्त मेनूचा भाग आणि कामाची फंक्शन्स वेगळी ठेवावीत. दापोलीतील शिक्षक आणि मालवणातील ग्रंथपाल आपापल्या प्रिंटरची नोंद स्वतः घालणार असतील, तर सुटी मॉड्यूल्सच घ्यावीत. मात्र पहिले मॉड्यूल लिहिण्याआधी फाइल लिहिण्याचे ते सामाईक फंक्शन तयार असावे.