मोठ्या खंडानंतर पुन्हा नोकरी: पुण्यातील एका मोफत रोजगार-प्रशिक्षण कार्यक्रमाचा अनुभव

पुण्यात नोकरीसाठी मोफत प्रशिक्षण देणाऱ्या केंद्रांची वानवा नाही. काही केंद्रे प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतून चालतात, काही महापालिकेच्या जागेत भरतात आणि काही संस्था कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) निधीवर आपले वर्ग चालवतात. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि त्या कामांच्या यादीत रोजगारक्षम कौशल्यांचे शिक्षण येते. त्यामुळे विद्यार्थ्याकडून फी घेण्याची गरज उरत नाही. मी स्वारगेट परिसरातील अशाच एका केंद्रात अकाउंट्सचा अभ्यासक्रम पूर्ण केला, त्यांच्यामार्फत नोकरीला लागले आणि आता त्या नोकरीत काही महिने झाल्यावर हे लिहीत आहे. केंद्राचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण यातील बऱ्याच तक्रारी एका केंद्रापुरत्या नाहीत.

माझी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे, कारण कार्यक्रम कोणाला उपयोगी पडेल हे त्यावरच ठरते. मी बी.कॉम. आहे. भोसरीतील एका वर्कशॉपच्या अकाउंट्स विभागात असताना 2013 साली सासूबाईंच्या आजारपणामुळे नोकरी सोडली, पुढे दोन मुले झाली आणि खंड लांबत गेला. मी सोडले तेव्हा व्हॅट, एक्साइज आणि सर्व्हिस टॅक्स यांचे राज्य होते. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला आणि माझा निम्मा अनुभव कालबाह्य झाला. वय पस्तिशीच्या पुढे गेल्याने एखाद्या आस्थापनेत प्रत्यक्ष काम शिकताना विद्यावेतन देणाऱ्या, राज्य सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा दरवाजाही बंद होता, कारण ती 18 ते 35 वयोगटासाठीच आहे. आमच्या बॅचमधील तरुण मुलांनी राज्य सरकारच्या महास्वयम या रोजगार पोर्टलवर नोंदणी करून तिचा लाभ घेतला. बारावीला 6,000, आयटीआय किंवा पदविकेला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये असे दरमहा विद्यावेतन आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. 2024 मध्ये योजना सुरू झाली तेव्हा प्रशिक्षणाचा कालावधी सहा महिन्यांचा होता, नंतर तो वाढवण्यात आला. तो संपल्यावर त्याच आस्थापनेत नोकरी मिळेलच अशी हमी मात्र नाही. संसारामुळे खंड पडलेल्या बाईचे वय पस्तिशीच्या आत असेलच असे योजना आखणाऱ्यांनी कसे गृहीत धरले, हा प्रश्न मला आजही पडतो.

प्रवेशाच्या वेळी समुपदेशक मॅडमनी घेतलेली मुलाखत हा या कार्यक्रमाचा मला सर्वांत आवडलेला भाग आहे. कोणता कोर्स हवा याआधी त्यांनी विचारले की घरातून किती वाजता निघता येईल, धाकटा कोणाकडे राहील, धायरीहून कोणती बस सोयीची पडते, घरी आजारी माणूस आहे का आणि महिनाअखेरीस उशिरापर्यंत थांबावे लागले तर घरचे काय म्हणतील. हे प्रश्न ऐकून काही जणींना राग आला. मला मात्र तेव्हाच वाटले की या बाईंना नोकरी कशी सुटते ते माहीत आहे.

त्यानंतरचा कागदपत्रांचा टप्पा माझ्या अपेक्षेपेक्षा फार मोठा निघाला. माझी पदवी आणि जुने पीएफ खाते माहेरच्या नावाने, तर आधार, पॅन आणि बँक खाते सासरच्या नावाने; म्हणजे आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदललेले. त्यातून यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या पीएफ क्रमांकाची पद्धत 2014 मध्ये सुरू झाली, त्यामुळे माझ्याकडे फक्त जुना पीएफ क्रमांक होता. केंद्रातील एका मुलाने विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातील नावबदलाची नोंद आणि पीएफच्या नोंदीतील नाव दुरुस्त करण्यासाठीचा संयुक्त घोषणापत्राचा अर्ज हे सगळे कोणत्या क्रमाने करायचे ते कागदावर लिहून दिले आणि राजपत्राचा ऑनलाइन अर्ज माझ्या शेजारी बसून भरून घेतला. हे काम कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते, पण नोकरीच्या पहिल्याच दिवशी एचआरने पीएफच्या नोंदीसाठी जी कागदपत्रे मागितली, ती सर्व माझ्या फाइलमध्ये तयार होती.

प्रशिक्षणाबद्दल समाधान आहे, पण सरसकट नाही. टॅली प्राइम हे हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि जीएसटी शिकवणारे सर स्वतः एका करसल्लागाराकडे अनेक वर्षे काम केलेले होते. त्यांनी व्याख्या पाठ करून घेण्यात वेळ घालवला नाही. पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून दर महिन्याच्या 14 तारखेला तयार होणारे जीएसटीआर-2बी विवरण एक्सेलमध्ये घ्यायचे, आपले खरेदीचे रजिस्टर त्याच्या शेजारी ठेवायचे आणि पुरवठादाराचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) व बिल क्रमांक जोडून व्हीलुकअप हे नोंदी जुळवणारे सूत्र लावायचे, हा सराव त्यांनी आमच्याकडून अक्षरशः घोटून घेतला. जुळले नाही ते बिल का जुळले नाही हे शोधणे हाच खरा धडा होता: कुठे पुरवठादाराने बिल क्रमांकात तिरकी रेघ टाकलेली, कुठे आपण शून्य गाळलेले, तर कुठे त्याने जीएसटीआर-1 हे विक्रीचे विवरण भरलेलेच नाही आणि त्यामुळे आपले इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) अडकलेले. आज माझ्या कामाचा सर्वांत मोठा भाग हाच आहे. याउलट व्यक्तिमत्त्व विकासाच्या नावाखाली जे तास झाले त्यांत टाळ्या वाजवणे, डोळे मिटून स्वप्न पाहणे आणि इंग्रजीत स्वतःची ओळख पाठ म्हणणे यापलीकडे काही नव्हते. चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या बायकांकडून हे करून घेताना शिकवणारी तरुण मुलगीही अवघडून जात असे. तोच वेळ व्यवसायातील ईमेल लिहायला शिकवण्यात दिला असता तर बरे झाले असते.

आमच्या बॅचमध्ये श्रवणदोष असलेला एक मुलगा होता. त्याच्याकडे यूडीआयडी हे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र होते आणि एक्सेलमध्ये तो आम्हा सर्वांच्या पुढे होता, परंतु सांकेतिक भाषेचा दुभाषी आठवड्यातील मोजक्याच दिवशी यायचा आणि उरलेले दिवस तो फळ्यावर लिहिलेल्या मजकुरावर भागवायचा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 ने सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण दिले आहे, पण खासगी कंपनीत मुलाखत घेणाऱ्यासमोर दुभाषी कोणी आणायचा हे कोणी ठरवलेले नाही. संस्थेने त्याच्या मुलाखतीला स्वतःचा माणूस पाठवला, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

प्लेसमेंटच्या टप्प्यावर माझा हिरमोड झाला. पहिली संधी चाकणची आली, दुसरी हिंजवडीची. चाकण शहराच्या पार उत्तरेला आणि धायरी नैऋत्येला; सकाळी सिंहगड रस्त्यावरची कोंडी ओलांडून पुढे नाशिक रस्त्यावरच्या वाहतुकीत अडकायचे आणि संध्याकाळी तोच प्रवास उलटा करायचा, म्हणजे मुलाला पाळणाघरातून रात्री आणायचे. मी नकार दिला तेव्हा माझ्या नावापुढे ‘इच्छुक नाही’ असा शेरा मारण्यात आला. प्रवेशाच्या मुलाखतीत वेळेची मर्यादा मी स्पष्ट सांगितली होती आणि ती त्यांच्याच फॉर्मवर लिहिलेली होती. पण समुपदेशन करणाऱ्या मॅडम वेगळ्या आणि प्लेसमेंट पाहणारे सर वेगळे, आणि दोघांचे कागद एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत. अभ्यासक्रम संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत किती जण नोकरीला लागले हा आकडा निधी देणाऱ्याला कळवायचा असतो, त्यामुळे जवळची पण उशिरा मिळणारी नोकरी शोधण्यापेक्षा दूरची पण आजच मिळणारी नोकरी पुढे करण्याकडे त्यांचा कल राहतो. सरकारी योजनेतही हा पेच दिसतो. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या आधीच्या आवृत्त्यांत अल्पकालीन प्रशिक्षणानंतरच्या प्लेसमेंटची नोंद ठेवली जात असे, तर चौथ्या आवृत्तीत उमेदवाराने आपला मार्ग निवडावा अशी भूमिका घेऊन प्रशिक्षण आणि प्लेसमेंट यांची जोडणी सैल करण्यात आली. दोन्ही पद्धतींत सहा महिन्यांनी माणूस त्या नोकरीत टिकला आहे का, हे विचारणे मागेच राहते.

अखेर नऱ्हे येथील यंत्रांच्या सुट्या भागांच्या एका वितरकाकडे मला जागा मिळाली, तीही त्या समुपदेशक मॅडमनी व्यक्तिगत ओळखीतून विचारणा केल्यामुळे. पगाराचा आकडा 18,000 सांगितला गेला, तो सीटीसीचा, म्हणजे मालकाला माझ्यावर होणाऱ्या एकूण खर्चाचा होता. त्यातून मालकाचा पीएफ व ईएसआयसीचा (कामगार विम्याचा) हिस्सा आणि नंतर माझा हिस्सा वजा जाता हातात साडेतेरा हजारांच्या आसपास येतात. (महिलांना महिना 25,000 रुपयांपर्यंतच्या वेतनावर राज्यात व्यवसाय कर माफ आहे, एवढी कपात तरी टळते.) हा फरक मला कागद पाहताच कळला, परंतु माझ्याबरोबर लागलेल्या दोघींना पहिल्या पगाराच्या दिवशी कळला. अकाउंट्सच्या वर्गातसुद्धा स्वतःची वेतनचिठ्ठी कशी वाचायची हे शिकवले जात नाही, याचे मला नवल वाटते.

नोकरी लागल्यानंतरची साथ हा या कार्यक्रमाचा सर्वांत दुबळा भाग आहे. व्हॉट्सॲपवर ऑफर लेटर आणि वेतनचिठ्ठीचा फोटो मागण्यात आला, तो पाठवताच आभाराचा संदेश आला आणि त्यानंतर कामाबद्दल कोणी चौकशी केली नाही. जीएसटीआर-3बी हे महिन्याचे कर विवरण भरण्याची 20 तारीख जवळ आली की कार्यालयात उशीर होतो. सुरुवातीच्या महिन्यात मला रात्री दहापर्यंत थांबण्यास सांगितले गेले, तेव्हा मी पुन्हा त्याच मॅडमना फोन केला. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 प्रमाणे रात्री साडेनऊनंतर स्त्री कर्मचाऱ्याला तिच्या संमतीशिवाय आणि सुरक्षिततेची व घरी पोहोचवण्याची सोय केल्याशिवाय थांबवता येत नाही, हे त्यांनी सांगितले. मालकांशी मी सलोख्याने बोलले आणि ते काम सकाळी लवकर येऊन करण्याची मुभा मिळाली. हे मार्गदर्शन मॅडमच्या भलेपणामुळे मिळाले. कार्यक्रमात त्याची तरतूद नाही.

पाळणाघराच्या बाबतीत तर मला ही रचना अनाकलनीय वाटते. प्रशिक्षण चालू असताना केंद्र पाळणाघराच्या फीचा निम्मा भार उचलत होते आणि वर्ग फक्त अर्ध्या दिवसाचा होता. नोकरी लागली, मुलाला पूर्ण दिवस ठेवण्याची गरज निर्माण झाली, आणि नेमक्या त्याच महिन्यापासून मदत थांबली. पहिला पगार हातात पडायच्या आधीच दुप्पट फी भरावी लागली. माझ्या घरी पतीचा पगार असल्यामुळे ते निभावले. जनता वसाहत या झोपडपट्टीतून येणारी आमच्या वर्गातील एक जण मात्र नोकरी लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात ती सोडून पुन्हा घरकामाकडे वळली, कारण तिथे मुलाला सोबत नेता येत होते. केंद्राच्या अहवालात तिची नोंद यशस्वी प्लेसमेंट म्हणूनच असेल.

तरीही मी हा कार्यक्रम मोठा खंड पडलेल्या पदवीधर स्त्रियांना सुचवते. कागदपत्रे आणि प्रत्यक्ष काम या दोन अडसरांवर तो खरोखर उपयोगी पडतो. ज्यांना तातडीने पगार हवा आहे त्यांनी महास्वयम पोर्टल आणि रास्ता पेठेतील जिल्हा कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्राकडे आधी चौकशी करावी. प्रवेश घेण्यापूर्वी आधीच्या बॅचमधील किती जण आज त्याच नोकरीत आहेत, नोकरी कोणत्या भागात मिळेल, सांगितलेला पगार हातातला की सीटीसीचा आणि दिलेली मदत नेमकी कोणत्या तारखेला थांबते, हे प्रश्न लेखी विचारावेत.

पाळणाघराची मदत नोकरीच्या पहिल्या तीन महिन्यांपर्यंत चालू ठेवावी, अशी सूचना मी अभिप्रायाच्या फॉर्मवर लिहून दिली होती. निधी प्रशिक्षण या शीर्षाखाली मंजूर असल्यामुळे तो त्यानंतर वापरता येत नाही, परंतु पुढील वर्षाच्या प्रस्तावात हा मुद्दा मांडला जाईल, असे उत्तर मला आले आहे.