साइट नसलेलं धनुष्य आणि हरवणारा नेम: अंदाज, गॅप की स्ट्रिंग वॉकिंग?

तीन बाण मधल्या पिवळ्यात, चौथा कडेच्या पांढऱ्यात आणि पाचवा थेट मागच्या जाळीत. नेम धरायची साइट, ओढ पूर्ण झाल्याचं सांगणारा क्लिकर, तोल सांभाळणारा स्टॅबिलायझर यांतलं काहीच नसलेलं धनुष्य वापरणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा हीच असते, आणि तिच्यावरचा सल्लाही ठरलेला: नेम धरायची पद्धत बदला. अंदाजाने (इन्स्टिंक्टिव्ह) मारणाऱ्याला गॅप शिकायला सांगतात, गॅपवाल्याला स्ट्रिंग वॉकिंग. या पद्धतींत फरक आहे आणि मुंबईत सराव करणाऱ्याला तो चांगलाच जाणवतो. पण आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं व्हायला नको. म्हणून आधी बाण नेमामुळे चुकतात की हातामुळे, हे बघून घ्या.

खुणा काय सांगतात

टार्गेटचा कागद उलटा लावा आणि कोऱ्या बाजूवर मधोमध रुपयाएवढा ठिपका काढा. 10 मीटरवरून सहा-सहा बाणांच्या पाच फेऱ्या मारा आणि प्रत्येक भोकाभोवती पेनाने गोल करा. गुण मोजू नका.

तीस खुणा एकमेकींजवळ आहेत पण ठिपक्यापासून दूर, असं दिसलं तर तुमचा हात ठीक आहे, चुकतोय तो नेम. पुढची तुलना तुमच्यासाठीच आहे. खुणा उभ्या पट्ट्यात पसरल्या असतील तर ओढ कमी-जास्त होते आहे, अँकर (दोरीचा हात चेहऱ्यावर टेकवायची जागा) हलतो आहे किंवा सोडायच्या क्षणी हात पुढे ढिला पडतो आहे. आडव्या पट्ट्यात पसरल्या असतील तर धनुष्याची मूठ पिळली जाते, दोरीवरचा हात गालापासून बाहेर फेकला जातो किंवा बाणाचा कडकपणा धनुष्याशी जुळत नाही. या दोन्ही प्रकारांत पद्धत बदलून काही साधणार नाही.

अँकरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त बाण इथेच वाया जातात. बाण साधारण 70 सेंटीमीटर लांब धरा. अँकरला नॉक (बाणाची दोरीवर बसणारी खाच) 1 मिलिमीटर वर किंवा खाली गेला, तर 18 मीटरवर बाण जवळजवळ अडीच सेंटीमीटर सरकतो. 5 मिलिमीटरला 13 सेंटीमीटर. इनडोअरच्या 40 सेंटीमीटरच्या फेसवर (टार्गेटच्या कागदावर) एक रिंग 2 सेंटीमीटरची असते, म्हणजे पाच मिलिमीटरची चूक सहा रिंगांना पडते. त्यामुळे ‘बोट ओठाच्या कोपऱ्याशी’ एवढ्यावर भागत नाही. तर्जनीचं टोक वरच्या सुळ्याच्या जागी गालावरून जाणवलं पाहिजे आणि अंगठ्याचा सांधा जबड्याच्या हाडामागे बसला पाहिजे. शक्य असेल तर वरचं पीस नाकाच्या शेंड्याला टेकू द्या. दात दर वेळी मिटलेलेच ठेवा. तोंड किंचित उघडलं की जबडा खाली जातो, त्याच्याबरोबर अँकरही जातो आणि बाण वर लागतो.

दुसरं कारण धनुष्याचं वजन, म्हणजे ते ओढायला लागणारा जोर. पहिलंच धनुष्य 40 पौंडांचं घेणारे खूप आहेत. पूर्ण ओढून सहा-सात सेकंद न थरथरता धरता येत नसेल तर ते धनुष्य तुमचं नाही. सुरुवातीला 20 ते 26 पौंड पुष्कळ झाले. लिंबवर (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर) छापलेला आकडा 28 इंच ओढीचा असतो. ओढ एक इंच कमी झाली की साधारण 2 पौंड जातात, म्हणजे थकल्यावर अर्धा इंच कमी ओढलेला बाण खालीच पडणार.

तीन वाटा

इन्स्टिंक्टिव्हमध्ये डोळा फक्त लक्ष्यावर असतो. बाणाचं टोक दिसतं, पण त्याच्याकडे बघायचं नाही. पकड बहुधा स्प्लिट, म्हणजे एक बोट नॉकच्या वर आणि दोन खाली.

गॅपमध्ये बाणाचं टोक हीच साइट. ज्या अंतरावर टोक मधोमध ठेवलं की बाण मधोमधच लागतो, ते तुमचं पॉइंट-ऑन. त्याहून जवळ टोक लक्ष्याच्या खाली धरायचं, दूर असेल तर वर; टोक आणि लक्ष्य यांतलं हे अंतर म्हणजे गॅप.

स्ट्रिंग वॉकिंगमध्ये टोक कायम मधोमध असतं आणि बदलतात ती बोटं. तिन्ही बोटं नॉकच्या खाली धरून, अंतर कमी होईल तशी ती दोरीवर आणखी खाली सरकवायची. किती खाली, ते टॅबच्या (दोरीवरच्या बोटांना लावायच्या चामड्याच्या) शिवणीचे टाके मोजून ठरवतात: अंगठ्याचं नख ठरलेल्या टाक्यावर ठेवून तिथेच दोरीला लावायचं आणि टॅब खाली आणायचा. या सरकण्याला क्रॉल म्हणतात.

मुंबईत कुठली परवडते

इन्स्टिंक्टिव्ह नजरेला सवय लावून येतं आणि ती सवय दोन गोष्टींवर वाढते: भरपूर बाण आणि बदलती अंतरं. आठवड्यातले चार-पाच दिवस मोकळ्या रानात 8 ते 25 मीटर फिरत मारणाऱ्याला ही पद्धत सुंदर जमते, आणि अंतर न सांगितलेल्या, प्राण्यांच्या आकाराच्या थ्रीडी टार्गेटवर तिचा वेग इतरांना येत नाही. इथे मात्र बहुतेकांना रविवारी सकाळी दोन तास आणि एकच आखलेली लेन मिळते. पावसाळ्यात तेही खंडित. पंधरा दिवसांच्या खंडानंतर इन्स्टिंक्टिव्हचा नेम सगळ्यात आधी जातो. तिचा खरा त्रास पुढेच आहे: बाण चुकला तर काय दुरुस्त करायचं, हे कळायला काही खूणच नसते. ‘आज लागत नाहीये’ एवढंच हाती राहतं.

गॅपमध्ये चूक वाचता येते. टोक होतं तिथेच होतं आणि बाण खाली गेला, म्हणजे ओढ कमी पडली. रियाज तुटला तरी वहीतले आकडे तुटत नाहीत. अडचण एकच, पण मोठी: स्प्लिट पकडीत डोळा आणि बाण यांत बरंच अंतर राहतं, त्यामुळे 18 मीटरवर टोक टार्गेटच्या पार खाली, स्टँडच्या पायांशी किंवा जमिनीवर येतं. तिथे धरायला ठरावीक खूण नसते आणि जमीन जरा वेगळी दिसली की नेम हलतो. उपाय असा: तिन्ही बोटं नॉकखाली घ्या, बाण न कापता पूर्ण लांबीचे ठेवा, टोकाला थोडं जास्त वजन लावा. तिन्हींमुळे पॉइंट-ऑन जवळ येतं आणि गॅप आक्रसतो. फक्त लांबी आणि पुढचं वजन वाढलं की बाण मऊ वागतो, हे स्पाइन (बाणाच्या कडकपणाचा आकडा) निवडताना धरून चाला.

गॅप काढायचा तो असा: 10 मीटरवर टोक मधोमध धरून सहा बाण मारा आणि त्यांचा मध्य किती वर गेला ते टेपने मोजा. तेवढंच टोक खाली. मग 15, 18, 25. अंतराच्या प्रमाणात गॅप वाढेल असं समजू नका; तो मध्ये फुगतो आणि पॉइंट-ऑनकडे जाताना पुन्हा कमी होतो.

ज्ञात अंतरावर सगळ्यात बारीक ग्रुप (खुणांचा घेर) स्ट्रिंग वॉकिंगच देतं, यात वाद नाही. जागतिक पातळीवरच्या बेअरबोमध्ये, म्हणजे साइट नसलेल्या धनुष्याच्या स्पर्धेत, तेच चालतं. पण मोठा क्रॉल घेतला की खालच्या लिंबवर जास्त ताण येतो, बाण वरखाली डुलत जातो आणि धनुष्य आवाज करतं. ते आवरायला टिलर बोल्ट (दोन्ही लिंबांचा ताण जुळवायचे स्क्रू) असलेलं रायझर, म्हणजे मधला मुठीचा भाग, लागतं. बांबूच्या किंवा एकसंध लाकडी धनुष्यावर ही सोय नाही, तिथे मोठे क्रॉल घेऊच नयेत. शिवाय एक टाका चुकला की नुकसान किती, ते वरच्या मिलिमीटरच्या हिशेबात आलंच आहे.

मधली वाट फिक्स्ड क्रॉलची. दोरीवर नॉकच्या खाली धाग्याची एक जादा गाठ बांधायची आणि बोटं कायम तिच्याखाली ठेवायची, म्हणजे तुमचं एकच अंतर, समजा 18 मीटर, पॉइंट-ऑन होतं. एकाच लेनवर मारणाऱ्यासाठी याच्याइतकं सोपं काही नाही. स्पर्धेत उतरणार असाल तर अशी गाठ चालते का, ते आधी नियमांत बघा.

नियमांचा मुद्दा निघालाच आहे तर: वर्ल्ड आर्चरी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या बेअरबो गटात स्ट्रिंग वॉकिंग चालतं, लाँगबो गटात बोटांची जागा एकच ठेवावी लागते. आपल्याकडच्या इंडियन राउंडमध्ये धनुष्य बांबूचं आणि बाणही बांबूचे किंवा लाकडी असतात. तो मारायचा असेल तर रायझरवर पैसे घालू नका, बाण निवडण्यात वेळ घाला.

आमचा कौल असा. आठवड्यातून एक-दोनदा, ठरलेल्या लेनवर मारत असाल तर तिन्ही बोटं खाली घेऊन गॅप. एकच अंतर असेल तर फिक्स्ड क्रॉल. बेअरबो स्पर्धा डोक्यात असेल तरच स्ट्रिंग वॉकिंग. इन्स्टिंक्टिव्हचा मोह कर्जत-मुरबाडकडे जागा आणि वेळ दोन्ही असणाऱ्यांनी करावा. आणि भारताचा तिरंदाज ओजस देवतळे याने 2023 च्या बर्लिनमधल्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत 150 पैकी 150 मारले ते चाकांच्या कंपाउंड धनुष्यावर, भिंगाची साइट आणि दोरी सोडायचं रिलीज यंत्र वापरून. त्याच्या व्हिडिओतलं उभं राहणं आणि खांदे जरूर बघा, नेमाचं काही तिथून उचलू नका.

बाण: कार्बन की बांबू

पद्धत कोणतीही घ्या, बाण एकसारखे नसतील तर कागदावर काही कळणार नाही. तुम्ही नेम शिकत असाल आणि स्पर्धेचं बंधन नसेल तर कार्बन घ्या. 30 पौंडांच्या धनुष्याला साधारण 700 ते 800 स्पाइन लागतो. आकडा जितका लहान तितका बाण कडक. दुकानात ‘सगळ्यांना चालतात’ म्हणून 500 चे हाती दिले तर परत करा. उजव्या हाताने ओढणाऱ्याचे असे बाण डावीकडे जातात आणि माणूस महिनोन्‌महिने स्वतःचं दोरी सोडणं सुधारत बसतो. खात्रीसाठी दोन बाणांची पिसं काढून टाका आणि 10-12 मीटरवर पिसांच्या बाणांबरोबर मारा. बिनपिसांचे डावीकडे गेले तर कडक, उजवीकडे गेले तर मऊ. डावखुऱ्यांनी हे उलटं वाचावं.

बांबूच्या बाणांवर मार्करने आकडे घाला आणि प्रत्येकाचा लागलेला ठिकाणा लिहीत जा. दर वेळी 7 नंबरच उजवीकडे जात असेल तर तो बाजूला काढा. डझनातले सहा-सात जुळले तरी समाधान माना. आणि इथल्या हवेत बांबू वाकतो. टेबलावर बाण घरंगळवला की डोलणारा लगेच दिसतो. शेगडीच्या हलक्या धगीवर धरून हाताने सरळ करता येतो.

पिसं खरीच घ्या. प्लॅस्टिकचे व्हेन (पिसांऐवजीची पाती) शेल्फवर, म्हणजे धनुष्याच्या बाण टेकायच्या खाचेवर, आपटून बाण उडवतात, त्यांना बाण ठेवायचा उंच रेस्ट लागतो. पावसाळ्यात मात्र पिसं ओली होऊन चपटी पडतात, तेव्हा बाण उघड्या भात्यात नेऊ नका. लोकलमधून जायचं तर तीन तुकडे सुटे होणारं टेकडाउन धनुष्य आणि नळीत बाण, हाच शहाणपणा.

डेक्रॉनची दोरी ताणते. मारायला सुरुवात करण्यापूर्वी टी-स्क्वेअरने (टी आकाराच्या पट्टीने) ब्रेस हाइट, म्हणजे मूठ आणि दोरी यांतलं अंतर, मोजा; 62 इंची टेकडाउनला ती साधारण साडेसात ते सव्वाआठ इंच असते. तुमच्या ठरलेल्या आकड्यापेक्षा पाव इंच कमी भरली तर दोरीला पीळ वाढवा. हे न करता सकाळच्या आणि कालच्या ग्रुपची तुलना करणं फुकट आहे. काम झालं की दोरी उतरवा, आणि उन्हातल्या गाडीच्या डिकीत धनुष्य ठेवू नका, चिकटवलेले थर सुटतात.

घरी काय करता येईल

सोसायटीच्या गच्चीवर नाही, अजिबात नाही. कठड्यावरून गेलेला बाण कुठे उतरेल, हे कोणाच्याच हातात नसतं. बाण न लावता ओढून सोडणंही नको, लिंब फुटतात. घरात रबरी बँड घ्या आणि आरशासमोर फक्त ओढून अँकरला पोचण्याचा सराव करा: रोज वीस वेळा, प्रत्येक वेळी पाच सेकंद धरून सावकाश परत.

उरलेलं काम रेंजवर. शिवाजी पार्कच्या सावरकर स्मारकात धनुर्विद्येचं प्रशिक्षण मिळतं, तसं जवळचं जे असेल ते गाठा आणि पहिले बारा-पंधरा बाण अडीच-तीन मीटरवरून, कोऱ्या बेलवर (बाण अडवणाऱ्या गठ्ठ्यावर), डोळे मिटून मारा. कोणत्या बोटावरून दोरी शेवटी सुटली, हे तेव्हाच कळतं. मग 10 मीटर, मग 18. एका महिन्यात एकच गोष्ट बदला, अँकर किंवा बाण किंवा पकड, आणि दर आठवड्याला तोच उलटा कागद, तेच तीस बाण. खुणांचा घेर लहान होत असेल तर पद्धत तशीच चालू द्या, मग गुण कितीही रडके असोत.