नाळेतलं रक्त साठवायचं पॅकेज: घ्यावं की नको?

सातव्या महिन्याच्या तपासणीला गेलं की कॉर्ड ब्लड बँकेचा माणूस माहितीपत्रक घेऊन भेटतोच. बाळासाठी 'जैविक विमा' (म्हणजे नाळेतल्या रक्तात नवं रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी असतात, त्या गोठवून ठेवा, पुढे बाळ आजारी पडलं तर त्यालाच देता येतील), हप्त्यांची सोय, वगैरे. आमचं मत आधीच सांगतो: घरात आजारी मूल नसेल तर हे पॅकेज घेऊ नका.

थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या बाळाच्या नाळेतल्या पेशींतही तोच दोष असतो, मग त्या त्यालाच देऊन उपयोग काय? ल्युकेमियातही (रक्ताच्या कर्करोगात) स्वतःचं नाळेतलं रक्त सहसा वापरत नाहीत, बिघाडाचं मूळ जन्मापासूनच त्यात असू शकतं. १९८८ साली पॅरिसला अशा पेशींचं पहिलं प्रत्यारोपण झालं तेही नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त भावाला देऊन. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि बालरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना, दोघंही 'विमा' म्हणून रक्त साठवायला नको म्हणतात.

रक्त घेण्याची पद्धत सोपी आहे, आई-बाळाला दुखत नाही. नाळ कापली की तिच्या शिरेत सुई घालतात, पिशवी खाली धरतात आणि पाच-दहा मिनिटांत रक्त आपोआप उतरतं. पिशवीत गोठणरोधक द्रव असतो. ती हलक्या हाताने हलवत राहिली नाही तर गुठळ्या होतात. सोबत आईच्या रक्ताच्या नळ्या जातात. पिशवी फ्रीजमध्ये किंवा बर्फात ठेवायची नाही, आणि ती ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचलेली बरी. उशीर झाला की जिवंत पेशी कमी होत जातात.

रिपोर्ट आला की मिलिलिटर बघू नका, केंद्रकयुक्त पेशींचा (ज्यांच्यात केंद्रक असतं त्या पेशी, मूळपेशी त्यांतच येतात) आकडा बघा. प्रत्यारोपणाला रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण अडीच कोटी पेशी लागतात. म्हणजे ५० कोटींची पिशवी २० किलोच्या मुलाला जेमतेम पुरेल. ६० किलोच्या माणसाला १५० कोटी हव्यात.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं. नाळ निदान एक मिनिट थांबून कापावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण त्या रक्तातलं लोह बाळाला मिळतं. थांबल्यावर पिशवीत कमी रक्त उरतं. तेव्हा पिशवी भरावी म्हणून नाळ लवकर कापायला डॉक्टरांना सांगू नका.

मोठ्या मुलाला थॅलेसेमिया, सिकलसेल (विदर्भात, नंदुरबारकडे हा प्रश्न खराच आहे) किंवा अस्थिमज्जेचा आजार असेल तर मात्र नक्की साठवा. सख्ख्या भावंडांचं एचएलए (प्रत्यारोपणाआधी जुळवून बघतात त्या पेशींवरच्या खुणा) पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. बाळाला तो आजार नाही ना, हेही तपासून घ्यावं लागतं. रक्तविकारतज्ज्ञांना प्रसूतीच्या बऱ्याच आधी कळवा.

नाळेतलं रक्त इतर रुग्णांसाठी दान करायचं तर पैसे लागत नाहीत, पण दान घेणाऱ्या बँकेशी करार असलेल्या इस्पितळातच ते होतं आणि अशी इस्पितळं थोडीच. आठव्या महिन्याआधी विचारा. पेशी कमी भरल्या तर पिशवी नाकारतात, आणि दान केलेल्या रक्तावर पुढे आपला हक्क राहत नाही.

तरीही पॅकेज घेणार असाल तर सहीआधी करारात दोन कलमं शोधा: नमुना दूषित निघाला तर पैसे परत मिळतात का, आणि बँक बंद पडली तर पिशवी कुठे जाणार.